माळावरची गाय



शहरात गायीची परीक्षा दुधाच्या मापाने होते. आम्हीही तशीच केली. माणदेशातील आमच्या घरी हौसेने संकरित होल्स्टीन गाय नेली. दोन वर्षे दूधदुभत्याची चंगळ झाली. तिसऱ्या वर्षी पावसाने ओढ दिली, कडबा महागला, उन्हात गाय धापा टाकू लागली आणि मिळेल त्या किमतीस ती विकावी लागली. शेजाऱ्याची खिलार मात्र त्याच माळावर वाळलेले कुसळी गवत खाऊन तगली. दूध जेमतेम वासरापुरते. पण वासरू जगले.

मग खिलारच सर्वत्र न्यावी काय? तीही चूकच. इगतपुरी-अकोल्याच्या डोंगरात वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. तिथली गाय डांगी. तिच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, त्यामुळे पावसाचे पाणी अंगात मुरत नाही. खूर काळे, टणक. भातखाचरातला चिखल आणि डोंगरातला खडक दोन्ही सोसणारे. हे गुण दुधाच्या नोंदवहीत कोठे लिहावयाचे?

पण शेतकऱ्याची अडचणही खरी आहे. या दोन्ही जाती मुख्यतः बैलासाठी जोपासल्या गेल्या. ट्रॅक्टर आला, बैलाचे गिऱ्हाईक घटले. बिनदुधाची गाय त्याने कोणत्या हिशेबावर पोसावी? आमच्या त्या शेजाऱ्याने गेल्या साली आपला खिलार वळू विकला. गावात दुसरा नाही.