पुरुष म्हणून नाकारलेली नोकरी

नोकरीचीं द्वारें स्त्रियांना बंद असल्याची तक्रार सुशिक्षितांच्या परिचयाची आहे, व ती बहुतेक खरीच असते. परंतु तेंच द्वार कधीं कधीं पुरुषाच्या तोंडावरहि लागतें, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. कारण तेथें अन्याय रूढीचा किंवा सौजन्याचा वेष घेऊन उभा असतो.

अमेरिकेंतील एक खटला या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे. १९६७ सालीं सेलिओ डियाझ नांवाच्या गृहस्थानें पॅन अमेरिकन या विमान कंपनीकडे विमानांतील प्रवासी-सेवकाची जागा मागितली. कंपनीनें ती नाकारली. लायकी कमी म्हणून नव्हे, तर या जागांवर केवळ स्त्रियाच घ्यावयाच्या, असा तिचा नियम होता म्हणून. वास्तविक १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्यानें नोकरींत असा भेद मना केला होता. मात्र त्यांत एक अपवाद होता : स्त्री अथवा पुरुष असणें ही त्या धंद्याची खरीखुरी गरज असेल, तर भेद क्षम्य. कंपनीनें त्याचाच आश्रय घेतला. प्रवाशांना स्त्री-सेविकाच आवडतात, असा पुरावा तिनें मांडला. शिवाय मनोविकारतज्ज्ञ डॉ. एरिक बर्न यांची साक्ष काढली. बंदिस्त विमानांत धास्तावलेल्या प्रवाशाला धीर देणें स्त्रीलाच अधिक साधतें, असें त्यांचें मत पडलें. (मग आजवरच्या पुरुष डॉक्टरांनीं रोग्यांना धीर दिला तरी कसा!)

खालच्या न्यायालयाला हें पटलें. १९७१ सालीं अपील न्यायालयानें मात्र तो निकाल फिरविला. प्रवाशांना सुखरूप पोंचविणें हें विमान कंपनीचें मुख्य काम. प्रसन्न वातावरण ही त्यापुढें गौण गोष्ट होय. आणि गिऱ्हाइकांची आवड हीच सबब मानावयाची, तर जे पूर्वग्रह मोडण्यासाठीं कायदा झाला, त्यांच्याच हातीं न्यायाचा तराजू दिल्यासारखें होईल, असा त्या निकालाचा आशय आहे.

कामाची गरज कोणती आणि नुसती समजूत कोणती, ही कसोटी भारतांतील एका नियमालाहि लावून पाहावी. केंद्र सरकारच्या स्त्री-नोकरांना अपत्यसंगोपनासाठीं ७३० दिवसांची रजा २००८ पासून मिळूं लागली. एकट्यानें मुलें वाढविणाऱ्या पुरुषाला ती डिसेंबर २०१८ पर्यंत नव्हती. मधलीं दहा वर्षें, तापानें फणफणलेलें मूल शेजाऱ्यांवर सोंपवून कचेरी गांठणाऱ्या विधुराला यांत भेदभाव आहे असें कोणीं सांगितलें नसेल, व कदाचित् त्याच्याहि तें मनांत आलें नसेल. मूल आजारी पडलें म्हणजे गरज मुलाची असते. नियम मात्र रजा मागणारी आई कीं बाप, एवढेंच पाही. पत्नी नांदती असलेल्या बापाच्या बाबतींत तो अद्यापि तेंच पाहतो.