पाणी आलें, शहर वाढलें. शेतकऱ्याचें काय झालें?
(राळेगणसिद्धी येथील ग्रामस्थांपुढें केलेलें भाषण)



आपल्याच जिल्ह्यांतील श्रीरामपूर पाहा. 1878 सालीं दौंड-मनमाड रेल्वे झाली, तेव्हां तेथें बेलापूरचें स्टेशन तेवढें होतें. पुढें प्रवरेचा कालवा आला, 1926 सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें. हरेगांवास बेलापूर कंपनीचा साखर कारखाना निघाला. स्टेशनाभोंवतीं पेठ व पेठेभोंवतीं शहर वाढलें.

पण ऊंस ज्यांच्या जमिनींत पिकला, त्यांचें काय? कंपनीनें जमिनी खंडानें घेतल्या. 1961 च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर त्या सरकारकडे गेल्या. आजोबानें अंगठा उठविला, नातवानें कचेऱ्यांचे उंबरठे झिजविले! जमीन परत मिळावयास एकविसावें शतक उजाडलें.

उलट लोणीस विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानें 1950 सालीं शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना सुरू झाला. नदी तीच, ऊंस तोच. मालक मात्र शेतकरी!

राळेगणास प्रवरा नाहीं. येथें 1975 नंतर अण्णा हजारे यांच्याबरोबर गांवानें घाम गाळून पावसाचें पाणी अडविलें. पाणी आलें कीं जमिनीला गिऱ्हाईकही येतें. म्हणून आम्ही सांगतों, कागद वाचल्यावांचून सही करूं नका. शहरें खुशाल वाढोत. शेतकऱ्याचा सातबारा गिळून मात्र नकोत.