सौम्यता : एका शिंप्याने जगून दाखविलेला ख्रिस्ती सद्गुण
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अन्य धर्मांतील एकेका सद्गुणाचा परिचय करून घ्यावा, ही कल्पना विश्वस्तांनी मांडली आणि ख्रिस्ती धर्मातील ‘सौम्यता’ हा विषय माझ्याकडे सोपविला. मी धर्मशास्त्राचा अभ्यासक नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन चाळीस वर्षांहून अधिक काळ कापडाच्या पेढीवर बसलेला माणूस आहे. पंडितांनी करावी तशी चिकित्सा माझ्याकडून होणार नाही. परंतु या विषयाचे वाचन करताना मला आपल्याच व्यवसायातील एक माणूस भेटला. त्याची ओळख आपणांस करून द्यावी, एवढाच माझा हेतू आहे.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू ख्रिस्तांचे गिरिप्रवचन आहे. त्याच्या आरंभी कोण धन्य, हे सांगणारी वचने येतात. त्यांतील तिसरे वचन सौम्य जनांना धन्य म्हणते आणि पृथ्वी त्यांच्या वाट्याला येईल असे आश्वासन देते. मराठी बायबलात या ठिकाणी ‘वतन’ हा शब्द योजिला आहे. वतन म्हटले की आपल्याकडे भाऊबंदकी आणि पिढ्यान्‌पिढ्यांची कोर्टकचेरी आठवते! ते वतन भांडणाऱ्याला नव्हे तर सौम्य माणसाला मिळणार, हे ऐकून त्या काळचे श्रोतेही चकित झाले असतील. या वचनाचे मूळ ज्यूंच्या स्तोत्रसंहितेतील ३७ व्या स्तोत्रात आहे. दुर्जनांची भरभराट पाहून संतापाने जळू नका, असे ते स्तोत्र सांगते. म्हणजे हा शब्द सुखवस्तू माणसाच्या गोड बोलण्यासाठी जन्मलेला नाही. अन्याय डोळ्यांसमोर असताना मन कसे ठेवावे, या प्रश्नातून तो आला आहे.

शुभवर्तमान ग्रीक भाषेत लिहिले गेले. तेथील मूळ शब्द आहे ‘प्राऊस’. माणसाळविलेल्या, लगाम मानणाऱ्या घोड्यालाही ग्रीक लोक हे विशेषण लावीत. घोड्याचे बळ कमी झालेले नसते, ते केवळ आवरात आलेले असते. अ‍ॅरिस्टॉटलने हा गुण क्रोधाच्या संदर्भात विचारात घेतला. सदा संतापणारा एका टोकाला, कशानेच न संतापणारा दुसऱ्या टोकाला आणि या दोहोंच्या मध्ये सौम्य माणूस, अशी त्याची मांडणी आहे. बायबलात मोशेला पृथ्वीवरील सर्वांत नम्र पुरुष म्हटले आहे, आणि हाच मोशे मिसरच्या राजासमोर उभा राहून आपल्या लोकांची सुटका मागतो. येशू स्वतःला सौम्य म्हणवितात, आणि तेच यरुशलेमच्या मंदिरात सराफांचे चौरंग उलथवून टाकतात. आपणां जैनांना हा गुण समजण्यास फारसे कष्ट पडू नयेत. दशलक्षण धर्मातील उत्तम मार्दव मान कषायाच्या विरुद्ध उभे आहे, भित्रेपणाच्या बाजूला नव्हे.

मात्र या गुणावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे याने १८८७ मध्ये असे लिहिले की, दुर्बळांनी आपल्या असहायतेलाच सद्गुणाचे नाव दिले. तत्त्वज्ञाचे राहू द्या. त्याहून जड आक्षेप प्रत्यक्ष इतिहासाचा आहे. अमेरिकेत मळ्यांवरील गुलामांना कित्येक धर्मोपदेशक नम्र व आज्ञाधारक राहण्याचा उपदेश करीत. स्वतः गुलामगिरीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ च्या आपल्या आत्मकथनात अशा धर्मावर कठोर प्रहार केले आहेत. गादीवर बसलेल्याने पायाशी बसलेल्याला सौम्यता शिकवावी, यासारखे सोयीचे दुसरे काय असणार? गुमास्त्याने नम्र असावे याविषयी आपण शेठ लोक किती एकमताने बोलतो, हे मी निराळे सांगायला नको.

म्हणूनच मला जॉन वुलमन यांचे चरित्र महत्त्वाचे वाटते. त्यांनी सौम्यता मागितली ती केवळ स्वतःकडून.

वुलमन यांचा जन्म १७२० मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतात, क्वेकर पंथीय कुटुंबात झाला. त्या काळी हे लोक पुरोहित मानीत नसत, मौन धरून उपासनेला बसत आणि शस्त्र धरीत नसत. लहानपणी त्यांनी गंमत म्हणून एका पक्षिणीला दगड मारला. ती मेली. घरट्यातील पिले आता भुकेने तडफडतील, या विचाराने त्यांनी तीही मारली, आणि पुढे कितीतरी वेळ त्या क्रौर्याने त्यांचे मन जळत राहिले. ही हकीकत त्यांनी स्वतःच आपल्या रोजनिशीत लिहिली आहे.

एकविसाव्या वर्षी ते माउंट हॉली गावात एका दुकानात राहिले. माल विकायचा आणि हिशेब लिहायचा, असे काम. एके दिवशी मालकाने आपल्या ताब्यातील एका कृष्णवर्णीय स्त्रीचे विक्रीखत लिहून देण्यास सांगितले. गिऱ्हाईक समोर बसलेले. वुलमन यांनी खत लिहिले, पण गुलाम बाळगणे ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे, असे त्याच बैठकीत मालक व गिऱ्हाईक दोघांनाही सांगितले. पुढे त्यांना हेही अपुरे वाटले. लिहिण्यासच नकार द्यावयास हवा होता, असे त्यांचे मत झाले.

नंतरच्या एका प्रसंगात तो नकार आला, आणि कसा आला ते पाहण्यासारखे आहे. अंगाला जबर मार लागलेल्या एका शेजाऱ्याने त्यांना रक्त काढण्यासाठी बोलाविले. त्या काळी तो उपचार समजला जाई. मग मृत्युपत्रही लिहावयास सांगितले. आपली तरुण गुलाम मुलगी अमुक अपत्याला द्यावी, असाही त्यात मजकूर होता. वुलमन यांनी तेवढा भाग सोडून सर्व लिहिले, रुग्णाच्या उशाशी बसून वाचून दाखविले आणि स्नेहपूर्वक सांगितले, की माणसाला गुलाम ठेवणारा लेख माझ्या हातून होणार नाही. केलेल्या कामाचे पैसेही नकोत. दोघांचे बराच वेळ बोलणे झाले. शेवटी त्या गृहस्थाने मुलीला मुक्त करण्याचे मान्य केले, तेव्हा वुलमन यांनी मृत्युपत्र पूर्ण केले. आवाज चढला नाही, आजाऱ्याचा अपमान झाला नाही, आणि लेखणी मात्र हलली नाही.

आता आपल्या धंद्याची गोष्ट. वुलमन शिवणकाम शिकले आणि त्यांनी स्वतःचे दुकान थाटले. आधी कपड्यांना लागणारे किरकोळ सामान, मग कापड. धंदा वर्षानुवर्षे वाढत गेला. इथे आपण पेढे वाटले असते! वुलमन यांना तो बोजा वाटू लागला. लोक उधारीवर गरजेबाहेरचा माल नेतात आणि पैसे चुकविताना अडचणीत येतात, हे त्यांनी पाहिले. १७५६ च्या सुमारास त्यांनी गिऱ्हाइकांना आपला बेत सांगितला, दुसरी दुकाने पाहावयास सुचविले आणि हळूहळू व्यापार बंद केला. हाताखाली उमेदवार न ठेवता केवळ शिवणकाम आणि सफरचंदांची बाग, एवढ्यावर राहिले. आपल्यापैकी कोणी असे करावे, असे मी सुचवीत नाही. माझीही तयारी नाही. शिवाय पत्नी व मुलीने हा निर्णय कसा सोसला, याविषयी रोजनिशीत फारच थोडे सापडते, ही उणीव मला खटकते.

रंगाविषयीचे त्यांचे विचार मात्र मी पुनःपुन्हा वाचले. कापड रंगविण्यात एक हेतू डोळ्यांना सुखविण्याचा आणि दुसरा मळ झाकण्याचा असतो, असे ते म्हणत. रंगावरचा खर्च स्वच्छतेवर केला तर किती निर्मळ राहता येईल! गडद रंगात मळच काय, विणकामातील दोषही लपतो, हे आपणां कापडवाल्यांना ठाऊक आहेच. ते बिनरंगी कपडे वापरू लागले, डोक्यावर पांढुरकी हॅट आली. लोकांना तो विक्षिप्तपणा वाटला. जुने कपडे टाकून न देता झिजेपर्यंत वापरले, हे मला अधिक आवडले.

दक्षिणेच्या प्रवासात गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांच्या घरी उतरावे लागे. गुलामांची सेवा फुकट घेणे त्यांना जड जाई. म्हणून निघताना ते चांदीची छोटी नाणी गुलामांना देत किंवा यजमानांकडे त्यांच्यासाठी ठेवीत. यजमानाला ते देताना त्यांना अतिशय संकोच वाटे, पण देणे चुकले नाही. १७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेत या प्रश्नावर चालढकल होऊ लागली, तेव्हा मौन राहिलेले वुलमन उठून बोलले. गुलाम बाळगणाऱ्या सदस्यांना घरोघर जाऊन भेटण्यासाठी समिती नेमली गेली आणि त्यांनी ते काम अंगावर घेतले. १७७६ मध्ये त्या सभेने सदस्यांना गुलाम बाळगण्यास पूर्ण मनाई केली. तोवर वुलमन हयात नव्हते.

१७७२ मध्ये ते इंग्लंडला गेले, तेही जहाजाच्या खालच्या भागात, खलाशांच्या शेजारी. तेथे घोडागाड्या इतक्या वेगाने हाकल्या जात की, घोडे मरत वा आंधळे होत आणि टपाल नेणारी मुले थंडीत गारठून जात. हे कळल्यावर त्यांनी गाडीत बसणे सोडले आणि पायी उत्तरेकडे निघाले. यॉर्क शहरी देवीचा आजार होऊन ७ ऑक्टोबर १७७२ रोजी ते वारले. अंत्यविधीची व्यवस्था त्यांनी आजारपणातच सांगून ठेवली होती. शवपेटी साधी असावी, शरीर स्वस्त फलाणीत गुंडाळावे आणि या सर्वांचा खर्च आपल्या अंगावरच्या कपड्यांतून भागवावा.