तळ, निल्दाण, आश्रय, अड्डा



सीमाभागातील मराठीविषयी मी बोलावं, असं सुचवण्यात आलं. त्यासाठी मी एकच जागा निवडली आहे : बीदरचा विमानतळ.

आपण ‘विमानतळ’ म्हणतो. कन्नडमध्ये ‘विमान निल्दाण’, तेलुगूत ‘विमानाश्रय’, उर्दूत ‘हवाई अड्डा’. निजामी राजवटीतल्या बीदर जिल्ह्यात या चारही भाषा नांदत होत्या. १९५६ मध्ये जिल्हा विभागला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात. जहिराबाद, नारायणखेड आंध्रात. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसुरात. माणसं तीन राज्यांची झाली, शब्द मात्र आजही एकाच बाजारात भेटतात.

‘निल्लु’ म्हणजे थांब. निल्दाण ही थांबण्याची जागा. बसस्थानकालाही तोच शब्द. ‘आश्रया’त आसरा आहे. ‘अड्डा’ उर्दूत साधा, पण मराठी कानाला त्यात जुगाराचा वास येतो. आणि ‘तळ’? तळ पडतो तो फौजेचा. कन्नडने प्रवाशाचा शब्द घेतला, मराठीने शिपायाचा. बीदरपुरता तरी आपला शब्द इतिहासाला धरून आहे.

१९४८ साली सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाची विमानं कराचीहून निजामासाठी शस्त्रं आणत होती. ती ज्या धावपट्ट्यांवर उतरत, त्यांत बीदरची होती. सप्टेंबरात पोलीस अॅक्शन सुरू झाली तेव्हा भारतीय हवाई दलाने इथल्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. पुढे १९६३ पासून इथे हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आलं, ‘सूर्यकिरण’चं पथकही इथलंच, आणि २००८ मध्ये ‘हॉक’ विमानं दाखल झाली. ७ फेब्रुवारी २०२० रोजी बंगळुरूचं प्रवासी विमान सुरू झालं. त्याआधी अडीच महिने, २२ नोव्हेंबर २०१९ रोजी, शेजारच्या कलबुर्गीचा विमानतळ सुरू झाला होता. तो मुळातच प्रवाशांसाठी बांधलेला. बीदरला मात्र टर्मिनल नागरी, धावपट्टी हवाई दलाची. म्हणजे निल्दाण आहे, ते तळावरच.

हे सगळं नोंदींत सापडतं. सापडत नाही ते घराघरांत बोललं जातं, आणि प्रत्येक भाषेत वेगळं. बसवकल्याण भागातल्या गोरट्यात मे १९४८ मध्ये रझाकारांनी माणसं मारली. ज्या घरांनी ते सोसलं, त्यांच्यासाठी सप्टेंबर हा सुटकेचा महिना. पण पोलीस अॅक्शननंतर मुसलमान वस्त्यांवर जे ओढवलं, त्याची पाहणी करायला सुंदरलाल समिती आली. तिने सर्वाधिक झळ पोचलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले, त्यांत बीदर आणि गुलबर्गा होते. उरलेले दोन, उस्मानाबाद आणि नांदेड, आजच्या महाराष्ट्रातले. त्या घरांत तोच महिना वेगळ्या आवाजात सांगितला जातो. एक सांगणं दुसऱ्याला खोटं ठरवत नाही. आपण फक्त आपल्या भाषेतलं ऐकतो, म्हणून दुसरं कानावर येत नाही.

सीमाभागातल्या मराठीचा विचार आपण बहुधा शाळा, पाट्या आणि हक्क यांपुरता करतो. ते प्रश्न खरेच आहेत. पण चार भाषा ऐकू येणारा मराठी कान ही इथल्या लेखकाची कमाई आहे, आणि तो कान पुण्या-मुंबईत बसून मिळत नाही.

विद्यार्थ्यांनो, तेव्हा दहा वर्षांचं असलेलं माणूस आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे. आपल्या आजीला विचारा, आणि शेजारच्या घरातल्या नानीलाही विचारा. आकाशात काय दिसलं, कुठे लपलात, कोणी दार उघडलं. ज्या शब्दांत सांगतील त्याच शब्दांत लिहून घ्या. भाषांतर नंतर करता येईल. सांगणारं माणूस नंतर भेटणार नाही.