कॅबिनेटमध्ये मासे: आधी एक महिना फक्त पाणी

लोकलमध्ये उभे राहून ऐकत असाल तर एका हाताने दांडी धरा, आजचा भाग जरा लांब आहे.

मला बरेच जण एकच प्रश्न विचारतात. 'दादा, पीसीच्या कॅबिनेटमध्येच फिश टँक बसवायचाय, जमेल का?' जमतं. माझ्या घरी, भाईंदर पूर्वेला, या माइकपासून दोन हातांवर तो आत्ता चालू आहे. पण हा माझा दुसरा प्रयत्न. पहिल्यात पाच गप्पी मेले, आणि ते माझ्या चुकीने मेले. म्हणून आधी ती गोष्ट सांगतो.

आमचं घर वन रूम किचन. लहानपणी बाबा चर्नी रोडला उतरवून तारापोरवाला मत्स्यालयात घेऊन जायचे, तेव्हापासून मला घरी मासे हवे होते. पण ठेवायचे कुठे? एका भिंतीला कपाट, एकीला दिवाण, आणि उरलेल्या कोपऱ्यात माझं कॉम्प्युटरचं टेबल. मग डोक्यात आलं, दोन वस्तूंना जागा नाही ना, तर दोन्हीची एकच वस्तू करू.

असं डोक्यात आलेला मी काही पहिला नाही बरं का. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अँडी इनाट्को नावाच्या अमेरिकन लेखकाने जुन्या मॅकिंटॉशच्या खोक्यात मत्स्यालय कसं करायचं ते लिहिलं. त्याला नाव पडलं 'मॅक्वेरियम'. पुढे २००७ मध्ये प्युजेट सिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने काचेच्या टाकीत अख्खा चालू कॉम्प्युटर बुडवून दाखवला. पण त्या टाकीत पाणी नव्हतं, मिनरल ऑइल होतं. त्यातून वीज वाहत नाही, म्हणून मदरबोर्ड जगतो. मासा जगत नाही.

लक्षात आलं का? एकात मासे होते पण कॉम्प्युटर बंद. दुसऱ्यात कॉम्प्युटर चालू पण मासे नाहीत. आणि हल्ली बाजारात दोन बाजूंनी काच असलेल्या कॅबिनेटला 'फिश टँक' म्हणतात, त्यात तर पाण्याचा थेंबही नसतो. दोन्ही एकत्र, दोन्ही जिवंत, हे खरं अवघड काम. मला ते तेव्हा कळलं नव्हतं.

मी काय केलं? कॅबिनेटच्या पुढच्या भागात ८ लिटरची काचेची टाकी चिकटवली. मागे ग्राफिक्स कार्ड. आरजीबी लाइट पाण्यातून असे काही दिसायचे की मित्र फोटो काढायला घरी यायचे. पाच गप्पी सोडले. मे महिन्यातला रविवार होता, मी तीन तास गेम खेळत बसलो. संध्याकाळी आई म्हणाली, 'अरे, हे सगळे वर तोंड करून काय करतायत?' मी बोट बुडवलं. पाणी अंघोळीचं वाटावं इतकं कोमट. सकाळपर्यंत पाचही गेले.

आई ओरडली नाही. एवढंच म्हणाली, 'त्यांना फॅन लावता येत नाही रे.'

नंतर मी हिशोब केला, जो आधी करायला हवा होता. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण ४,२०० ज्यूल लागतात. माझं मशीन गेम खेळताना अडीचशे-तीनशे वॅट उष्णता बाहेर टाकतं. त्यातले फक्त ३० वॅट जरी काचेतून पाण्यात गेले, तरी ८ लिटर पाणी तासाला तीन अंशांच्या आसपास तापू शकतं. आपल्याकडे मे महिन्यात पाणी मुळातच तिशीला टेकलेलं. गप्पींना बरं वाटतं ते २४ ते २८ अंशांत. वर पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी. ते वर तोंड करत होते ते म्हणूनच.

मग वर्षभर मी काही केलं नाही. खरं सांगतो, टाकी पाहवत नव्हती.

दुसऱ्यांदा सुरुवात झाली ती स्टीलवाल्यांकडे. भाईंदर पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटी तुम्हाला माहीत असतील, गाळ्यागाळ्यांत स्टीलची भांडी बनतात. खाडी जवळ, मिठागरं जवळ, हवा खारट. साध्या लोखंडाला बघता बघता गंज धरतो, म्हणून मला फ्रेम स्टेनलेस स्टीलची हवी होती. मी कागदावरचं चित्र दाखवलं. वर टाकी, खाली कॉम्प्युटर. कारागीर काकांनी चित्र उलटं धरलं आणि म्हणाले, 'आमच्याकडे बफिंगच्या मोटरवर कुणी पाण्याचा तांब्या ठेवत नाही. तू का ठेवतोस?'

संपलं. डिझाइन तिथेच उलटं झालं. पाणी खाली, वीज वर. गळलं तर पाणी जमिनीवर जाईल, मदरबोर्डवर नाही. गरम हवा वर जाते, म्हणजे माशांपासून लांबच. वजनही खाली राहतं. वजन हलक्यात घेऊ नका. माझ्या टाकीत २२ लिटर पाणी आहे, म्हणजे २२ किलो. काच, खडी, फ्रेम आणि मशीन धरून सगळं चाळिशीच्या पुढे जातं. प्लायवुडच्या टेबलावर हे ठेवायचं नाही, जमिनीवर उभं करायचं.

पण पाणी खाली ठेवलं की वाफ वर येते. म्हणून टाकीवर काचेचं झाकण, त्यावर चार बोटं मोकळी जागा, आणि मग कॉम्प्युटरचा बंद तळ. कॉम्प्युटर हवा बाजूने घेतो आणि वरून सोडतो. टाकीची हवा वेगळी, मशीनची वेगळी. झाकणाखाली पाण्याच्या वरही बोट-दोन बोटं हवा सोडा. का, ते पुढे सांगतो.

आता वायरिंग, इथे प्लीज लक्ष द्या. फिल्टरची वायर सरळ प्लगमध्ये नेऊ नका. तिला प्लगच्या खाली झोल द्या, मग वर घ्या. वायरीवरून ओघळलेला थेंब झोलाच्या तळाशी येऊन खाली पडतो, सॉकेटमध्ये शिरत नाही. आयुष्यात हा एकच झोल चांगला! आणि त्या पॉइंटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या, इलेक्ट्रिशियनकडूनच. घरात एमसीबी आहे म्हणून गाफील राहू नका. एमसीबी वायरिंगला वाचवतो. ओल्या हाताला शॉक बसला तर माणसाला वाचवायला आरसीसीबी लागतो. आणि पाण्यात हात घालायच्या आधी प्लग काढा. दर वेळी.

टाकी चिकटवायला मत्स्यालयाचंच सिलिकॉन घ्या. त्याला व्हिनेगरसारखा वास येतो. तो वास पूर्ण जाईपर्यंत कॉम्प्युटर जवळ आणू नका, त्या आम्लाच्या वाफेने धातू खराब होतो. मग टाकी भरून वर्तमानपत्रावर आठवडाभर ठेवा. कागद ओला झाला तर कुठून गळतंय ते लगेच कळतं.

आणि आता आजची मुख्य गोष्ट. टाकी बसली, मशीन बसलं, लाइट लागले. मन म्हणतं, चला कुर्ल्याला, मासे आणू. थांबा. एक महिना फक्त पाणी ठेवा.

या महिन्यात दोन कामं होतात. पहिलं, फिल्टरमध्ये जिवाणू वाढतात. माशाच्या घाणीतून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचा नायट्राइट करतात, दुसरे त्याचा नायट्रेट. पहिले दोन माशांना विष, तिसरा बराच सौम्य. ही साखळी बसायला चार ते सहा आठवडे लागतात. रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकत राहायचं, म्हणजे जिवाणूंना खाद्य मिळतं. दुकानात टेस्ट किट मिळतं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की टाकी तयार.

दुसरं काम तुमचं. पाण्यात थर्मामीटर ठेवा आणि नेहमीसारखे गेम खेळा. आधी, नंतर, रात्री, आकडे वहीत लिहा. खेळण्याआधी आणि नंतर एका अंशापेक्षा जास्त फरक दिसला तर चूक तुमच्या डिझाइनमध्ये आहे, आणि अजून कुणी मेलेलं नाही. माझ्या वहीत पहिल्या आठवड्यात दोन अंश आले. तळाला थर्माकोलचा थर दिला, तेव्हा फरक अर्ध्या अंशावर आला.

पाण्याचं म्हणाल तर आपल्या मीरा-भाईंदरला ते वेळेवर येईलच असं नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, अँटिक्लोरीनचे थेंब टाकल्याशिवाय वापरू नका. टँकरचं असेल तर आधी तपासा. मी एक झाकलेली बादली कायम भरून ठेवतो आणि दर रविवारी पाव टाकी पाणी बदलतो. वीज गेली तर? फिल्टर जेमतेम पाच वॅटचा. मशीन लगेच बंद करा, यूपीएस फिल्टरसाठी राहू द्या.

माझ्या टाकीत आज एकच मासा आहे, फायटर. त्याला पाण्यावर येऊन हवेतूनही श्वास घ्यावा लागतो, म्हणून ती झाकणाखालची जागा. फॅनची थरथर पाण्यात पोचू नये म्हणून मशीनखाली रबर आहे. आणि रात्री दहाला आरजीबी बंद. त्यालाही अंधार लागतो. मित्र म्हणतात, पहिल्यावाला जास्त भारी दिसायचा. दिसायचा, खरंय.

रविवारी काढलेलं पाणी आई तुळशीला घालते, नायट्रेट झाडाला चालतं. मग टाकीपाशी येऊन थर्मामीटर बघते. मला न विचारता. काल म्हणाली, 'सत्तावीस आहे. खेळ.'

तर मंडळी, महिनाभर वही लिहा, मग मासा आणा. भेटूया पुढच्या भागात. स्टेशन आलं असेल तर उतरा आता!