फळ्यावरचा दर आणि हातातली पावती



आम्ही मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका बचत गटातल्या बायका. आमच्यातल्या काही जणींच्या घरी पर्यटकांसाठी खोल्या आहेत, काही जणी जेवणाचे डबे करतात, आणि बहुतेकींच्या घरची पुरुषमाणसं मासेमारीवर जातात. आज आम्ही बोलणार आहोत समुद्रात बुडी मारायला येणाऱ्या पाहुण्यांबद्दल. खरं तर त्यांच्या एका दिवसाच्या सहलीला किती खर्च येतो, आणि दोन सहलींचे दर एकमेकांशी कसे ताडून बघायचे, याबद्दल. ‘आमका काय करूचा हा त्येचा?’ असं म्हणून रेडिओ बंद करू नका. हिशेब समुद्रातला असला तरी चूक आपल्या अंगणातली आहे.

झालं असं. मागच्या हंगामात पुण्याच्या दोन मुली आमच्याकडे उतरल्या होत्या. दोघींकडे स्कुबाचं रीतसर शिक्षण घेतल्याचं कार्ड होतं. रात्री जेवताना त्यांनी विचारलं, “काकू, उद्या दिवसभराच्या सहलीला जायचंय. कुणाकडे जाऊ?” आम्ही एक नाव सांगितलं. त्याच्या फळ्यावरचा दर सगळ्यांत कमी होता, म्हणून सांगितलं. आणि खरं सांगायचं तर, त्याच्याकडे पाहुणा पाठवला की आम्हाला माणशी थोडे पैसे मिळायचे, म्हणूनही सांगितलं.

संध्याकाळी पोरी परत आल्या त्या तोंडं पाडून. फळ्यावरच्या दरात फक्त होडी आणि हवेच्या टाक्या होत्या. पाण्यात घालायचे कपडे, श्वास घ्यायचं यंत्र, पायांतले पंख, सगळ्याचं भाडं वेगळं लावलं होतं. दुपारचं जेवण नव्हतंच. आणि नवख्या पर्यटकांना जिथे हात धरून पाण्याखाली नेतात, त्याच उथळ जागी त्यांनाही उतरवलं होतं. त्यांनी भांडण केलं नाही. एवढंच म्हणाल्या, “काकू, तुम्ही सांगितलं म्हणून आम्ही दुसरीकडे विचारलंच नाही.”

मैत्रिणींनो, हे वाक्य फार लागलं. पुढच्या मासिक बैठकीत कर्जाच्या हप्त्यांआधी हाच विषय निघाला. आमच्यातल्या एकीच्या मुलीने स्कुबाचं शिक्षण घेतलं आहे. तिला आम्ही बैठकीत बोलावलं आणि म्हटलं, बाय गो, आम्हाला पहिल्यापासून सांग.

तिने आधी एक गैरसमज काढला. पाठीवरच्या टाकीला आपण सगळ्याच ‘ऑक्सिजनची टाकी’ म्हणतो. ती ऑक्सिजनची नसते. तुम्ही-आम्ही घेतो तीच साधी हवा, यंत्राने दाबून भरलेली. भरलेल्या टाकीत साधारण २०० बार दाब असतो.

मग तिने सांगितलं की पाहुणे दोन जातींचे. एक आपल्याकडे जास्त येतात ते. पोहताही येत नसेल, पण सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचं प्रवाळ आणि मासे बघायचे असतात. त्यांना प्रशिक्षक हाताला धरून थोडा वेळ पाण्याखाली नेतो, फोटो काढतो आणि वर आणतो. दुसरे, कार्डवाले. त्यांनी काही दिवस अभ्यास करून, परीक्षा देऊन कार्ड मिळवलेलं असतं. पहिल्या पायरीचं कार्ड असलं की १८ मीटर खोलीपर्यंत, पुढच्या पायरीचं असलं की ३० मीटरपर्यंत जाता येतं. ते जोडीदाराबरोबर स्वतः पोहतात, सोबतचा गाईड वाट दाखवायला असतो. या लोकांची दिवसाची सहल म्हणजे बहुतेक ठिकाणी दोन टाक्या, दोन बुड्या, आणि मध्ये होडीवर तासाभराची विश्रांती. आम्ही दोन्ही दर एकाच मापाने मोजत होतो. म्हणजे घावण्याचा आणि पुरणपोळीचा भाव एकच धरत होतो म्हणा ना.

मग आम्ही वहीत रेघा मारल्या आणि कार्डवाल्याच्या सहलीत काय काय येतं ते लिहिलं. होडी आणि डिझेल. तांडेल आणि खलाशी यांची मजुरी. टाक्या आणि कमरेला बांधायची वजनं. गाईड. सामानाचं भाडं. खोली आणि वेळ दाखवणारं मनगटावरचं यंत्र. जेवण आणि पाणी. धक्क्यापर्यंतचं येणं-जाणं. विमा. कर दरात धरलाय की वरून लागणार. मग दर सांगणाऱ्याला एकेक ओळ विचारायची आणि ‘आत’ की ‘बाहेर’ असं लिहायचं.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे आम्ही समजण्यासाठी मांडलेत, कुणाचे खरे दर नव्हेत.

समजा, पहिल्या सहलीचा फळ्यावरचा दर ४,००० रुपये, दोन बुड्या. सामानाचं भाडं १,२००, मनगटावरच्या यंत्राचे ३००, जेवण बाहेरून २००, रिक्षा ३००. सगळे मिळून ६,०००. एक बुडी पडली ३,००० रुपयांना.

दुसऱ्या सहलीचा दर ५,५००. सामान, जेवण, ने-आण, सगळं आत, दोन बुड्या. एक बुडी पडली २,७५० रुपयांना. म्हणजे फळ्यावर १,५०० रुपयांनी महाग दिसणारी सहल प्रत्यक्षात ५०० रुपयांनी स्वस्त.

तिसरीचा दर ७,५००, सगळं आत आणि तीन बुड्या. एक बुडी २,५००. ही सगळ्यांत स्वस्त वाटते. पण दोन बुड्यांनंतर माणूस दमला, थंडीने कुडकुडला आणि तिसरी मारलीच नाही, तर तीच बुडी ३,७५० रुपयांना पडली.

इथे आमच्यातली एक म्हातारी म्हणाली, “मगे खरो दर खंयचो?” प्रश्न बरोबर होता. कारण अजून एक गंमत आहे. पुष्कळ कार्डवाले स्वतःचं सामान घेऊन फिरतात. त्यांना पहिल्या सहलीत १,५०० रुपये वाचतात, त्यांची सहल ४,५०० रुपयांत होते. दुसरा सहलवाला समजा सामान नको म्हणून ५०० रुपये कमी करतो, तरी त्याच्याकडे ५,००० होतात. म्हणजे पुण्याच्या पोरींना जी महाग पडली, तीच स्वतःचं सामान आणणाऱ्याला स्वस्त पडेल. म्हणून आता पाहुण्याने विचारलं की आम्ही आधी त्यालाच विचारतो. सामान तुमचं आहे का? किती बुड्या मारणार? बरोबर बुडी न मारणारं कुणी आहे का? कारण होडीत नुसतं बसून येणाऱ्या नवऱ्याचे किंवा मुलाचेही कुठे कुठे पैसे घेतात.

होडी भरण्याचंही विचारायला लागतं. डिझेल दोघांना नेलं काय आणि आठांना नेलं काय, तेवढंच जळतं. म्हणून काही जण सांगतात, अमुक माणसं झाली तरच होडी सुटेल, नाहीतर रिकाम्या जागांचे पैसे तुम्ही भरा. हे आदल्या रात्री कळलेलं बरं. वारा सुटला आणि सहल रद्द झाली तर पैसे परत मिळतात की पुढची तारीख मिळते, तेही.

पाहुणे पुष्कळदा म्हणतात, “तिकडे गोव्यात एवढ्यात होतं, कर्नाटकात तेवढ्यात होतं.” होत असेल. पण अंतर बघा. आपल्याकडे सिंधुदुर्ग किल्ला मालवणच्या धक्क्यावरून समोर दिसतो. कर्नाटकातलं नेत्राणी बेट मुरुडेश्वरच्या किनाऱ्यापासून सुमारे १९ किलोमीटर आत आहे. तिथे दर जास्त लागला तर त्यात डिझेल आणि वेळ आहे, आणि कार्डवाल्याला तिथे खोल पाणी मिळतं. उलट आपल्या विजयदुर्गासमोर खोल समुद्रात आंग्रिया बँक आहे, मोठं प्रवाळ आहे, पण ते १०० किलोमीटरहून लांब. ती एका दिवसाची सहलच नव्हे. तेव्हा नुसता आकडा आकड्याशी ताडायचा नाही. कुठे नेणार, किती खोल, किती वेळ, हे बरोबर घ्यायचं.

आता महत्त्वाचं. काही ओळींत घासाघीस करायची नाही. त्या ओळी आम्ही वहीत लाल पेनाने लिहिल्यात.

होडीवर आणीबाणीसाठी ऑक्सिजन आहे का? इथे मात्र खरा ऑक्सिजन. खोल पाण्यात दाबामुळे हवेतला नायट्रोजन अंगात मुरतो. माणूस घाईने वर आला तर सोड्याची बाटली फस्‌कन उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. तेव्हा पहिला उपचार ऑक्सिजनचा, आणि लगेच दवाखाना. सगळे पाण्यात असताना होडीवर जाणता माणूस थांबतो का? एका गाईडमागे किती जण? टाकीवर तपासणीची तारीख आहे का? आपल्या घरच्या गॅस सिलिंडरवर ए, बी, सी, डी यांतलं एक अक्षर आणि वर्षाचा आकडा असतो, तो आपण बघतो की नाही? तसंच हे. आणि पाहुण्याचं कार्ड कुणी बघायला मागतं का? जो कार्ड न बघता कुणालाही खोल पाण्यात न्यायला तयार होतो, त्याचा दर कितीही कमी असो, आम्ही पाहुण्याला तिथे जा म्हणत नाही.

अजून एक ओळ. नांगर कुठे टाकता? मालवणचा समुद्र १९८७ सालापासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळावर नांगर ओढला की ते मोडतं, आणि ते फार सावकाश वाढतं. तिथे मासे वाढतात, आणि त्या माशांवर आमची चूल पेटते. ही मोडतोड कुठल्याच पावतीवर येत नाही, पण ती आपण भरतो.

एक खर्च पाहुणे विसरतात, तो परतीचा. दिवसात दोन-तीन बुड्या मारल्या तर पुढे निदान १८ तास विमानात बसू नये, अशी शिफारस असते. कारण तोच, अंगातला नायट्रोजन. घाट चढतानाही हवेचा दाब कमी होतो, म्हणून आंबोलीवरून जाणाऱ्यांनी गाईडला विचारूनच निघावं. म्हणजे विमानाने जाणाऱ्याला एक रात्र जास्त राहावं लागतं. आम्ही हे सांगतो तेव्हा काही पाहुणे हसतात, खोलीभाड्यासाठी सांगतात म्हणून. आम्ही म्हणतो, आमच्याकडे नका राहू, कुठेही राहा, पण राहा.

आता आमचं स्वतःचं. हे सगळं वहीत लिहून झाल्यावर ती मुलगी म्हणाली, “आता तुमच्या खोल्यांचा दर सांगा.” आम्ही म्हटलं, राहणं-जेवण इतके. तिने विचारलं, “माशाचं ताट आत की बाहेर? सकाळची न्याहारी? गरम पाणी?” आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. आमच्या दरातही तेच भोक होतं. सुरमईचे पैसे आम्ही वरून लावत होतो आणि ते आधी सांगत नव्हतो. आता आमच्या ओसरीवर कागद लावलाय. आत काय, बाहेर काय, स्पष्ट. दर थोडा मोठा दिसतो, त्यामुळे काही पाहुणे पुढे निघून जातात. पण जे राहतात त्यांच्याशी शेवटच्या दिवशी वाद होत नाही.

आणि ते माणशी मिळणारे पैसे? त्यावर दोन बैठका गेल्या. ते पैसे सोडणं काहींना परवडणारं नव्हतं. पावसाळ्याचे चार महिने धंदा बंद असतो, घरात शाळेची फी असते. शेवटी ठरलं असं. ज्यांना घ्यायचे त्यांनी घ्यावेत, पण पाहुण्याला तोंडावर सांगायचं की आम्हाला तिथून पैसे मिळतात. आणि एक नाव सांगायचं नाही, वही पुढे ठेवायची आणि तीन ठिकाणी विचारायला लावायचं. तो सहलवाला आमच्यातल्या एकीच्या नात्यातलाच. तो अजून तिच्याशी धड बोलत नाही. मात्र त्याच्या फळ्यावर आता दराखाली बारीक अक्षरांत ‘सामान वेगळे’ असं लिहिलेलं आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात समुद्र नसेल. पण ट्रॅक्टर तासावर असतो, मंडपवाला असतो, गटासाठी पिठाची गिरणी विकायला येणारा असतो. तिथेही वही काढा. दरात काय आत, काय बाहेर? एका नगाला किती पडलं? स्वस्त केलं ते कशात कपात करून? आणि ज्याने नाव सुचवलं त्याला काय मिळतं? शेवटचा प्रश्न विचारायला थोडी लाज वाटते. आम्हालाही वाटली, कारण उत्तर आमच्याकडेच होतं.

पुण्याच्या त्या पोरींना आम्ही फोन केला होता. माफी मागितली, आणि वहीतलं पान फोटो काढून पाठवलं. त्यांनी त्यात एक ओळ वाढवून दिली: ‘सामानाचं माप आपल्या अंगाला बसतं का, ते आदल्या दिवशी बघा.’ ती आता आमच्या यादीत अकरावी ओळ आहे.

तुमच्या गटाची बारावी ओळ असेल तर आम्हाला जरूर कळवा. नमस्कार.