योगाचे पहिले अंग आणि पुसदचे गवत



योग म्हटला की डोळ्यांपुढे आसने येतात. २०१५ पासून दरवर्षी २१ जूनला शाळांच्या पटांगणांवर ती सामुदायिक रीतीने घातली जातात, हे स्वागतार्हच आहे. परंतु पतंजलींनी सांगितलेल्या आठ अंगांत आसनाचा क्रमांक तिसरा आहे. पहिले अंग यमांचे : अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह. यांची कसोटी लागते ती मुख्यतः दुसऱ्या माणसाशी व्यवहार करताना.

हे यम जाती, देश, काळ वा प्रसंग पाहून सैल करावयाचे नाहीत, असे सूत्रकारांचे सांगणे आहे. त्यावर भाष्यकाराने मच्छीमाराचा दाखला दिला आहे. मासे वगळून इतरांची हिंसा करणार नाही, असे तो म्हणतो; त्याची अहिंसा तेथेच मर्यादित झाली. अशी सोयीची सवलत कचेरीतही आढळते. एरवी सचोटीने वागणारा गृहस्थ सभेला न आलेल्या सदस्याची सही मागाहून घेतो आणि त्यात त्याला काही वावगे वाटत नाही!

यवतमाळ जिल्ह्याने या यमांची एक कठीण परीक्षा पाहिली आहे. १० जुलै १९३० रोजी पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातील गवत कापून सत्याग्रह केला. मूळचे वणीचे असलेले बापूजी स्वतः वकील होते. कायद्याने हा गुन्हा ठरतो हे त्यांना कोणी सांगावयास नको होते. मग ही चोरी म्हणावी काय? चोर काळोख शोधतो. येथे बेत आधी जाहीर झाला होता आणि कापणी दिवसाढवळ्या झाली. गवत कोणाच्या घरी साठवावयाचे नव्हते. अटक झाली ती शांतपणे स्वीकारली गेली. गावच्या गुरांच्या तोंडचे गवत नेमके कोणाचे, हा प्रश्न त्या विळ्याने सरकारपुढे उभा केला.

याच महिन्यात, २२ जुलैपासून, येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजी आश्रमवासीयांना व्रतांविषयी दर आठवड्यास पत्र लिहू लागले. ती पत्रे पुढे ‘मंगल प्रभात’ या नावाने प्रसिद्ध झाली. पतंजलींचे पाचही यम त्यांत आहेत. अस्तेयाविषयी त्यांचा विचार असा की, गरज नसलेली वस्तू परवानगीने घेतली तरी तीही चोरीच होय.

हा विचार आज अधिक अवघड झाला आहे; कारण परवानगी आता गावाच्याच हाती येऊ शकते. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क मान्य केले आणि जंगलाच्या राखणीचा अधिकार ग्रामसभेस दिला. केळापूर, घाटंजी, झरी-जामणी या भागांतील कोलाम आणि गोंड वस्त्यांना तेंदूपाने, मोहफुले यांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. हक्क मिळाल्यावर मात्र किती तोडावे आणि पुढील हंगामासाठी काय राखावे, हे त्यांचे त्यांनाच ठरवावे लागते. ग्रामसभेच्या ठरावात अपरिग्रह हा शब्द नसेल. विषय तोच असतो.

मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवितात. वारा सुटला की त्याचा वणवा होतो. जमिनीवरची अंडी, कोवळी रोपे आणि गुरांचे गवत एका दुपारी जळून जाते. हातात झाडू घेऊन तोच पाला बाजूस सारावयास तासभर अधिक लागतो.